विसर्ग

बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात
गंगापूर धरणाचे आकडे लिहिले मी.
सहाची पातळी, नऊचा विसर्ग.
खोडाखोड चालत नसे.

आता वही माझीच.
पहाटे तीन : दोनशे ऐंशी मिली.
सहा : तीनशे दहा, शिवाय थोडं चादरीवर.
ते कशात मोजायचं
गांगुर्डे सिस्टरनी सांगितलेलं नाही.

आतड्याचा तुकडा कापून
डॉक्टरांनी आत नवी पिशवी शिवली.
आतडंच ते. जन्मभर पुढे ढकलत आलेलं,
धरून ठेवणं त्याला कुठून ठाऊक?
भरलं तरी सांगत नाही.
म्हणून गजर. म्हणून मी बसते,
पुढे वाकते, तळहात बेंबीखाली दाबते,
आणि वाट बघते
दरवाजा उचलायचा निरोप धाडून बसल्यासारखी.

कधी थेंब नाही. मग नळी, आरसा,
साबणाने धुतलेले हात.
एकसष्ट वर्षांत स्वतःला तिथे
पहिल्यांदाच नीट पाहिलं.

सोमेश्वरला फिरायला जाते.
शकू पगार अजून तशीच हसवते,
मी आधी मांड्या आवळते, मग हसते.
तिला वाटतं, मला विनोद उशिरा कळतात.

काल गजराआधी जाग आली.
ओटीपोटात काहीतरी जड.
आधीसारखी कळ नव्हे ती,
कुणी लांबून हाक मारावी तसं.
उठले. साडेतीनशे.
शेजारी लिहिलं : बहुतेक लागली होती.

बहुतेक.
खात्याच्या वहीत हा शब्द
साहेबांनी चालू दिला नसता.