पाणी मोरीतून येतं

खोक्याची चिकटपट्टी सोलता सोलता इरफाननं विचारलं,
काका, अँटिव्हायरस एक वर्षाचं टाकू की तीन?
तीनला सूट आहे बघा.

मी हळदीच्या अडतीत जमाखर्च लिहिणारा माणूस.
सूट म्हटलं की आधी मूळ भाव विचारतो.
त्यानं सांगितला. मी गप्प.
लॅपटॉपचा पहिला हप्ता पाच तारखेला जाणार होता
आणि सन्मती काउंटरखालून माझी बाही ओढत होती:
बाबा, ह्याच्यात एक आधीच असतंय. फुकट. तेवढं पुरतं.

फुकटचं पुरतं, असं बावीस वर्षांत
मार्केट यार्डात मी एकदाही ऐकलेलं नाही.

म्हणून इरफानला म्हटलं,
येतं काय नेमकं? आणि कुठून?
कुठूनपण येतंय ओ.
झेरॉक्सवाल्याच्या पेनड्राइव्हमधून,
फुकटच्या पिक्चरमधून,
बँकेच्या नावानं आलेल्या मेसेजमधून.
आपणच बटण दाबतो, आपणच आत घेतो.

तेव्हा मला आमची मोरी आठवली.

कर्नाळ रोडच्या घरी, त्या ऑगस्टात,
दाराला मी वाळूची सात पोती लावली होती,
फटीत जुनी धोतरं कोंबली होती
आणि खुर्ची टाकून रात्रभर दाराकडं बघत बसलो होतो,
पाणी कधी येतंय म्हणून.
आलं ते मागनं.
मोरीच्या जाळीतून, बुडबुड करत,
सगळ्या गल्लीच्या न्हाण्यांचा वास घेऊन.
सन्मती सातवीत होती.
बाबा, पाय भिजला, म्हणाली,
इतक्या हळू की मला वाटलं झोपेत बोलतेय.

इकडं नव्या पडद्यावर लाल चौकट उघडली:
तुमच्या संगणकात सतरा धोके सापडले!
चालू करून चार मिनिटं झाली नव्हती.
महिनाभर चाखायला म्हणून कंपनीनं घातलेलं कायतरी
आतून ओरडत होतं, आत्ताच विकत घ्या.

हेही ओळखीचंच.
त्या आठवड्यात फोनवर दर तासाला कुणीतरी कोयना फोडायचं.
धरण गेलं, पळा, दहा जणांना पाठवा.
आणि खरा आकडा
आयर्विन पुलापाशी गुमान उभा,
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
त्याला ओरडता येत नव्हतं.
त्याचे पैसेही कुणी मागितले नव्हते.

हे लाल काढून टाक, मी म्हणालो.
आतलं आहे तेच राहू दे.
रोज अपडेट होतंय का, तेवढं सांग.
होतंय की, इरफान म्हणाला, फक्त नंतर-नंतर करू नका.
एक गिऱ्हाईक गेलं, तरी हसला. पोराचं मन मोठं.

सन्मती, ऐकलंस?
जाळी घासायची असते. कंटाळा येतो. तरी.

वाचलेल्या पैशांत थोडे घालून
एक हार्ड डिस्क घेतली, साबणाच्या वडीएवढी.
रविवारी सगळं तिच्यात उतरवायचं
आणि वडी राहणार विश्रामबागेत, माझ्या बहिणीकडं, दुसऱ्या मजल्यावर.
प्रोजेक्टला काय पूर येतोय का, बाबा?
मी काही बोललो नाही.
शेठजींच्या चौदा वह्या आम्ही माळ्यावर चढवल्या होत्या.
पाणी माळ्यावर गेलं.
पानं वाळवली तेव्हा
एकाची बाकी दुसऱ्याच्या नावावर उमटली होती.

रात्री तिनं टेबल पुसून लॅपटॉप उघडला.
पासवर्ड ठरवा, असं आलं.
तिची बोटं थांबली.
माझ्याकडं बघितलं नाही तिनं, पण थांबली.

भिंतीवर ती रेघ अजून आहे,
दोनदा रंग देऊनही, माझ्या छातीएवढी.
मी तोंड तिकडं फिरवलं.
पाठीमागं टकटक सुरू झाली.
किती अक्षरं, ते मोजायचं नव्हतं,
म्हणून मनातल्या मनात
आजचे हळदीचे भाव म्हणत राहिलो.