शहाण्णव सेकंद

सावद्याला, केळीच्या वखारीला लागून
पितांबर झोपेंचा पद्मा फोटो स्टुडिओ.
मी तिथे प्रिंटा धुवायचो.
मे महिन्यात डेव्हलपर तापायचा,
मग कुल्फीवाल्याकडून आठ आण्यांचा बर्फ,
ट्रेखाली ओलं गोणपाट,
आणि लाल बल्बच्या उजेडात काका
सेकंद मोजायचे, ओठ न हलवता.

एकदा हायस्कूलचे वारकेसर मासिक घेऊन आले.
पानभर काळोख, त्यात करड्या रेघांचा पट्टा,
बाईनं विंचरून ठेवल्यासारखा.
"युरेनसची कडी," सर म्हणाले.
"यान पुढे निघून गेलं, मग मागे वळून काढली.
सूर्य समोर होता म्हणून धूळ दिसली.
जिनिंगमध्ये तिरिपेत कापसाची तूस दिसते ना, तशी."

काका म्हणाले, "एक्स्पोजर?"

खाली बारीक अक्षरांत होतं. शहाण्णव सेकंद.
काकांनी चष्मा काढला.
शहाण्णव सेकंदांत नवरदेव दोनदा शिंकतो,
करवली पदर तीनदा सारखा करते,
मालगाडी गेली तर तिपाईसुद्धा थरथरते,
आणि हे तर बंदुकीच्या गोळीहून जोरात पळणारं.
"हाललं कसं नाही?"

"हाललं ना. मुद्दाम हाललं.
कडी जशी नजरेतून सरकायची
तसं सगळं अंग वळवत राहिलं, हळूहळू.
म्हणून कडी जागेवर.
चांदण्या बघा, त्यांचे झाले ओरखडे."

तीस वर्षं शिसपेन्सिलीनं ओरखडे बुजवणारा माणूस
त्या ओरखड्यांवर अंगठा ठेवून बसला.
चहावर साय धरली.

पुढे चिनावलच्या द्वारकाबाई फिरके आल्या.
निराधारच्या फॉर्मला फोटो पाहिजे.
रावेरहून दोनदा परत आलेला, शेरा: चेहरा अस्पष्ट.
त्यांच्या मानेला कंप.
काहीही विचारा,
मान आधी नाही म्हणायची
आणि मग त्या हसून हो म्हणायच्या.

लाइट गेलेले. खिडकीचा तेवढा उजेड.
मी म्हटलं, काका, भिंतीला टेकवू का डोकं?
"हालते त हालू दे तिले," काका म्हणाले,
"आपन बी हालू."

कॅमेरा तिपाईवरून काढला,
समोर स्टूल ओढून नुसतेच बघत बसले.
मग त्यांचीही मान सुरू झाली.
दोन म्हातारी माणसं
एकमेकांना नाही, नाही, नाही म्हणत होती
आणि मी दाराआड तोंडात रुमाल कोंबून.
त्यातच कधीतरी खटका पडला.
लांब, अर्ध्या सेकंदाचा.

रात्री ट्रेमध्ये आधी हनुवटीवरचं गोंदण आलं,
मग डोळे,
मग एकेक सुरकुती आपापल्या घरी.
आणि मागचा रंगवलेला पडदा,
ते तळं, ते दोन हंस, तो बंगला,
सगळं ओढलं जाऊन
डोक्याभोवती करडे पट्टे.

काका पेन्सिल घेऊन बसले, टोक केलं,
आणि परत खिशाला लावली.

आज तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
यान अजून जातंय म्हणे, कॅमेरे बंद करून.

द्वारकाबाईंनी फोटो लांब धरला, जवळ धरला,
मान नाही म्हणत होती.
"मी थांबली कवा?"

काका गल्ल्यात सुट्टे शोधत राहिले.