अकराव्या फेरीनंतर, हरिपूर

पहाटे तीनला उठलो टेबलावरून.
एका 'शक्यतो'साठी सहा तास.
आधी त्यांना तो हवा होता, आम्हाला नको;
मग आम्हाला हवासा झाला, तेव्हा त्यांना नको.
शेवटी त्याला चौकोनी कंसात कोंडून
सगळे झोपायला गेले.

आता चार दिवस रजा. घाटावर बाबगोंडा भेटला.
"काय ठरलं हळदीचं?"
सात वर्षांत जकात शून्यावर, मी म्हटलं,
पण शिसं मोजणार ते, त्यांच्या काट्यावर.
आणि त्यांची दूधपावडर
अजून कंसात आहे.
"कंसात म्हंजी?"
लिहिलंय, पण कुणी म्हटलेलं नाही.

तो हसला. त्याचा बाप सौद्यात
रुमालाखाली व्यापाऱ्याची बोटं धरायचा.
भोवती पन्नास माणसं,
दिसायचं ते फक्त कापड हललेलं.
मला आठवले
टेबलाखाली उजळणारे फोन.

मग पेवं होती तिथं घेऊन गेला.
पुरानंतर बुजलेली. वर प्लॉट पाडलेत,
चुन्याच्या रेघा, एका दगडावर शेळी.
"पेव उघडलं की लगीच उतरायचं नस्तं.
आतली हवा वंगाळ.
दिसभर तोंड उघडं टाकायचं,
मग दोरीनं कंदील सोडायचा.
इझला, तर आनी थांबायचं.
गुंडू नाही थांबला.
वर ट्रक उभा हुता, डायवर हॉर्न देत हुता."
एवढंच. पुढे त्यानं तंबाखू मळली.

नऊशे चाळीस पानं आहेत माझ्या पिशवीत.
वरून निरोप आहे, मार्चअखेर सही.
हळद तिसऱ्या परिशिष्टात, ०९१० ३०,
ओली, वाळलेली, दळलेली, सगळी नोंदलीय मी,
स्वल्पविरामसुद्धा माझेच.
आत कोण उतरणार
हा रकाना मात्र तक्त्यात नव्हता,
आणि नाही हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळी संगमावर बसले.
वारणा येते, कृष्णेत शिरते.
पुढे पाणी दोघींचं, नाव एकीचं.
हे कधी ठरलं, कुठल्या फेरीत,
वारणेच्या बाजूनं टिपणं कोण काढत होतं?

फोन वाजला. बारावी फेरी, सोमवारी.
बाबगोंडानं निघताना विचारलं,
"दोरी किती लांब लागंल?"
मी म्हटलं, विचारून सांगते.