चौरेघी

सकाळी साडेपाचला, हडर्सफील्डच्या बस डेपोत
रात्रीच्या ड्रायव्हरांनी टाकलेली कार्डं माझ्या टेबलावर येतात.
कुठल्या बसला काय झालंय ते.
मी वाचते, कॉम्प्युटरात भरते,
मग मारेक आणि डॅरन पाने घेऊन खड्ड्यात उतरतात.

बाकीच्यांचं अक्षर असतं तसं असतं,
घाईचं, चहा सांडलेलं.
पण कीथ ओल्डरॉइडचं म्हणजे
दौतीत पडलेला मुंगळा
जीव वाचवत कागदावरून पळालेला.
एकदा मारेक सबंध सकाळ मोटर उघडून बसला,
बिघडला होता मिरर.
डॅरनने कार्ड भिंतीवर आपटलं.
मी म्हटलं, द्या इकडे.

माझे वडील भोरच्या कचेरीत
जमिनीचे जुने मोडी कागद वाचून द्यायचे.
म्हणायचे, अक्षर लागत नसेल तर हात वाचावा.
कुठे थांबला, कुठे घसरला,
कुठे शाई घ्यायला उठला.

तसा मी कीथ वाचला.
मार्सडेनच्या घाटात धुकं असेल त्या रात्री
ओळ उजवीकडे उतरायची.
बायको लेकीकडे ऑस्ट्रेलियाला गेली, ते तीन महिने
त्याच्या एकाही टी वर आडवी रेघ नव्हती.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
कॉम्प्युटरात त्याला रकाना नाही.

ऑक्टोबरपासून अक्षर लहान व्हायला लागलं.
ओळीच्या सुरुवातीला ज्वारीएवढं,
शेवटाला राजगिऱ्याएवढं.
डॅरन म्हणाला, सुधारला म्हातारा,
आता कसं आवरून लिहितो.

खिडकीशी उभा राहून तो चहा प्यायचा
तेव्हा मोकळ्या हाताचा अंगठा
बोटावर फिरत राहायचा,
तंबाखू मळावी तसा.
कीथ तंबाखू खात नाही.
इथे कुणीच खात नाही.

मी तीन आठवडे गप्प बसले.
दोन मजली बस, तो चढ,
सव्वाआठच्या फेरीला शाळेची पोरं.
तरी गप्प बसले.
मला तोच एक जण नावाने हाक मारायचा,
चुकीची, पण पूर्ण.

चौथ्या सोमवारी पॉलीनसाठी कागद घेतला.
वाटलं, आज आपलंही अक्षर कुणाला लागू नये.
मुद्दाम रेघ सोडली,
डाव्या हाताने लिहून पाहिलं, फाडलं,
पुन्हा उजव्याने, डोळे मिटून.
पण तांबवेकर बाईंनी
चौरेघी वहीत पट्टीच्या धाकाने वळवलेला हात,
त्याला वाकडं जमेना.
एकेक शब्द साक्षीदारासारखा
सरळ उभा राहिला.

पॉलीन आधी म्हणाली, किती सुंदर लिहितेस गं.
मग वाचलं.
मग उठून दार लावून घेतलं.

आता कार्डं नाहीत.
ड्रायव्हर पडद्यावर खुणा करतात, ब्रेक ठीक, दिवे ठीक.
मारेक म्हणतो, आयुष्य सोपं झालं.
झालंही असेल.
कीथ खाली हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर असतो,
छत्र्यांना, डब्यांना, एका पायाच्या बुटांना
चिठ्ठ्या बांधतो.
मी जिन्याने जाते तेव्हा मान हलवतो.
हाक मारत नाही.
किंवा आवाजही बारीक झाला असेल.

परवा एका छत्रीची चिठ्ठी वर आली,
खाली कुणालाच लागेना.
चष्मा पुसला, दिव्याखाली धरली.
तारीख. मार्ग. मागून तिसरी सीट.
आणि त्याखाली, राजगिऱ्याहून बारीक,
एकच शब्द.
'फ्रेंड' असेल. 'फाउंड' असेल.
हात वाचायला गेले, तर हात
सगळीकडे सारखाच थांबलेला.

तारीख आणि मार्ग तेवढा
माझ्या अक्षरात दुसऱ्या चिठ्ठीवर उतरवला.
त्याची काढली नाही.
दोन्ही एकाच दोऱ्यात ओवून
छत्री खाली पाठवून दिली.