जाहीर नोटीस, दुसऱ्यांदा

वापरात नाही, असं मीच लिहिलं होतं.
जुना कोंडवाडा, जिंतूर, साडेनऊ गुंठे.
पूर्वेस सरकी-पेंडीचं दुकान,
दक्षिणेस येलदरीकडं जाणारा रस्ता,
उत्तरेस नाला, पश्चिमेस
निजामाच्या काळापासून नुसतंच 'वगैरे'.

ठराव झाला. सूचक, अनुमोदक, चहा.
मूल्यांकन आलं परभणीहून: दगडी भिंत शून्य,
लिंबाचं झाड अठराशे चाळीस,
हौदाची नोंद नाही, म्हणून हौद नाही.
मग नोटीस. दारावर, ठळक दिसेल अशी, तीस दिवस.
ज्याला हरकत घ्यायची त्याला
तेवढा तरी वेळ मिळावा, असा नियम आहे,
आणि खरं सांगायचं तर
सगळ्या नियमांत मला हाच एक माणसासारखा वाटतो.

मैद्याची खळ मीच शिजवली, घरी.
कचेरीतला डिंक उन्हात सुटतो.

बाराव्या दिवशी शेळीनं नोटीस खाल्ली.
आधी अनामत रक्कम, मग अटी व शर्ती,
मग मुख्याधिकाऱ्यांची सही, शिक्क्यासकट.
मी पोचलो तेव्हा दाराला
'...हून कमी बोली स्वीकारली जाणार नाही'
एवढंच चिकटून होतं.

शेजारी सालेह चाऊस. कोंडवाड्याचा निवृत्त रखवालदार.
खिशात किल्ली. ती जमा केल्याची पावती
माझ्या फायलीत आहे.
"सरकारी कागद खाल्ला साहेब हिनं," म्हणाला.
"कायदा काय म्हंतो?"

कायदा म्हणतो, मोकाट जनावर कोंडवाड्यात घालावं.

त्यानं कुलूप काढलं. चौदा वर्षांचं बंद,
पण तेल घातलेलं.
आतून वही आणली. शेवटची नोंद:
लाल खोंड, डावं शिंग मोडकं, मालक आला नाही,
मुदतीनंतर लिलाव, अकराशे रुपये.
त्याखाली लिहू लागला, सावकाश,
उर्दू शाळेत वळलेल्या हातानं:
शेळी, काळी, कानावर पांढरा ठिपका.
मालकाच्या रकान्याशी थांबला.
शेळी त्याचीच, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.

"लिवू का?"

हौदात पाणी होतं, नोंद नसलेलं.
शेळी प्याली.

कचेरीत येऊन नवी नोटीस टाइप करायला घेतली.
पुन्हा तीस दिवस, आजपासून.
'वापरात' पर्यंत आलो
आणि पुढचा शब्द सापडेना.
साहेबांनी आतून विचारलं, झालं का?
म्हटलं, खळ शिजायचीय अजून.