सत्तेचाळीस

शनिवारी ताटं धुऊन झाली
की मुतगेकर बाई चौथीच्या वर्गाला आतून कडी घालतात.
शिक्षक पाच, खुर्च्या चार.
मी पोरांच्या बाकावर, गुडघे हनुवटीशी.
साडेबाराची खानापूर गाडी सगळ्यांनाच धरायची असते.

पूर्वी बैठक म्हणजे परिपत्रक.
आधी कन्नडातून, मग त्याचं मराठी,
मग सही, मग चहा.
टक्केवारी तालुक्याला जायची.
गेली ती गेली, माघारी कधी आली नाही.

यंदा बाईंनी टेबलावर पेपरच ठेवले.
चौथीचे. म्हणजे माझे.
मी तयारीत होतोच :
सहा जण वीटभट्टीवरचे, दोघांचा बाप गोव्याला,
एक तर निव्वळ झोपतो...
'घरचं मागाहून,' बाई म्हणाल्या, 'आधी उत्तर वाचा.'
आणि पेपरावरच्या नावावर खडूचा डबा ठेवला.

प्रश्न सातवा. ऐका व अंकात लिहा.
मी सांगितलं होतं, सत्तेचाळीस.
पेपरात ७४.
दुसऱ्यात ७४.
बिर्जे सर फळ्यावर उभ्या रेघा मारत गेले,
चार झाल्या की एक आडवी.
एकोणीस.

मी म्हणालो, लक्ष नसतं.
'लक्ष नसलं तर एकोणीस तऱ्हा झाल्या असत्या,' बाई म्हणाल्या,
'ही तर प्रार्थनेची रांग आहे.'

तेव्हा कोपऱ्यातून कमतगी बाई बोलल्या.
कन्नड शिकवतात. आमच्या बैठकीत
आजवर फक्त सहीला पेन मागितलेलं.
'तुमी आकडा उलटा बोलता की वो.
सात पयला, चाळीस मागनं.
पोरगं ऐकतंय तसंच लिवतंय.
आमचं बगा. नलवत्तु. एळु.'
त्यांनी खडू घेतला :
आधी चार, मग सात.
'नलवत्तेळु.'

पाटीवर कुठली अक्षरं वर
ह्यावरून दोनदा रंग चढलाय ह्या शाळेला.
पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

'आता बरोबर आलेली सतरा नावं उघडा.'
डबा सरकत गेला.
बांगडीवाल्याची गुलजार.
बाजारादिवशी पिठाच्या गिरणीत वजनं सांगणारा कलाप्पा.
आणि सोमनिंग,
आईच्या मिरचीच्या ढिगामागे बसून
येईल त्या गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत सुटे पैसे देणारा.
त्याला मी जूनपासून शेवटच्या बाकावर बसवलाय.
आत्ता मी बसलोय तोच हा बाक,
कडेला त्यानं कोरलेली बैलगाडी आहे.

ठरलं ते एवढंच :
सकाळी दहा मिनिटं.
भाताच्या काडांच्या चार जुड्या, सात सुट्या काड्या.
आधी मराठीत, मग कन्नडात, मगच पेन्सिल.
पंधरा दिवसांनी पाचच आकडे विचारायचे,
आणि पेपर ह्याच टेबलावर.

पंधरा दिवस झाले.
एकोणीसाचे आठ राहिले.
बाईंनी शाबासकी दिली नाही, आठच पेपर पुढं ओढले.
पहिल्यावर लिहिलेलं : ४०७.
कमतगी बाई पदर तोंडाला लावून हसल्या,
'ह्यानं माजंच ऐकलं. जरा जास्तच ऐकलं.'
बिर्जे सरांनी फळा पुसला.
बाहेर गाडीचा हॉर्न.
मी नाव बघायला वाकलो,
तर त्यावर खडूचा डबा.