सव्वा मूठ

नागपंचमी होऊन गेली, म्हणजे आता रविवार कानबाईचा.
अमळनेरला, बोरीकाठच्या आमच्या गल्लीत
शनिवारी सकाळी दुर्पताकाकू सूप पुढ्यात ओढते
आणि पुरुष मोजायला बसते.

एकेका नावाला सव्वा मूठ गहू.
हिलाल. दगा.
सुपडू, सुरतेला साड्यांच्या गोदामात.
झिपरूआबा, ज्यांना दिसत नाही,
पण रोट आत शिजतोय की बाहेर भाजतोय, वासावर कळतं.
जयेश, पठाणकोट, यंदाही रजा नाही.
धाकट्याचा मुलगा अकरा दिवसांचा, बारसं व्हायचंय,
त्याच्या वेळी काकू नुसतं "बाळ" म्हणते
आणि मूठ जरा गच्च आवळते.

सतरा मुठी. वर सतरा पाव मुठी.

मी दिवाळीपासून इथेच आहे.
कोर्टाचा कागद बॅगेत, बॅग माळ्यावर,
आणि गल्लीत कुणी विचारलं तर घरातले सांगतात,
तिला इकडची हवा मानवते.
मी विचारते, काकू, बायांच्या मुठी?
ती सूप हलवते, खडा वेचून बाजूला ठेवते.
"बायास्नं कसाले? बाया त दयतस."

मग दळायला मीच जाते.
मुख्तारभाईने गिरणीचं जातं धुऊन ठेवलंय,
आज पहिलं पीठ कानबाईचं, पैसे घेत नाही.
गव्हात हरभऱ्याची डाळ, पीठ कोमट, हात लावला की
आत कुणाचं काय, काहीच ओळखू येत नाही.
सुपडूही नाही, जयेशही नाही, ते अकरा दिवसांचं बाळही नाही.

ती पाव मूठ मात्र डोक्यातून जात नाही.
मूठ नावाची. पाव कुणाची?

रात्री डब्यातून नारळ निघतो.
पणजीच्या वेळचा, पाणी केव्हाच आटलेलं,
हलवला की आत सुकं खोबरं खुळखुळतं.
काकू त्याला काजळ घालते, नथ अडकवते,
हिरव्या चोळीच्या खणात गुंडाळून चौरंगावर बसवते,
आणि आता ती नारळ नसते.
अख्खी भाऊबंदकी तिच्यापुढे हात जोडते:
धुळ्याचे, चोपड्याचे,
दोन वर्षं एकमेकांशी बोलत नसलेले शेजारशेजारी.
जागरणाला चहाच्या तीन बादल्या संपतात.
एकमेकांना लागलेले धक्के, सांडलेला चहा,
बांधाचं भांडण कुणी काढत नाही.

सोमवारी काकूच्या डोक्यावर चौरंग.
साठीच्या पुढची बाई, गुडघे कुरकुरणारे,
पण बोरीपर्यंत अशी चालते
जणू डोक्यावर कुणीतरी तिला धरून नेतंय.
पोरी फुगड्या घालतात, डफ वाजतो,
नदीत पाणी जेमतेम घोट्याइतकं.
तिथे वाकून कानबाईला बुडवतात, एकदा, दोनदा,
आणि ओंजळीत वाळू घेऊन
तीच कानबाई, ओली, परत घरी आणतात.

आमच्याकडे असंच आहे. पाठवायची, आणि परत आणायची.
दाराशी काकू तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळते.
मी मागे उभी, पायाला वाळू.
काकू तांब्या घेते,
आधी चौरंगापुढच्या उंबऱ्यावर पाणी घालते,
मग माझ्या पायांवर, काही न बोलता.

रोट भाऊबंदांचा. लेकी परघरच्या, त्यांना नाही.
हे मला लहानपणापासून पाठ आहे.
म्हणून मी वाढायला उभी राहते,
गंगाफळाची भाजी, खीर, कटाची आमटी.
काकू माझ्या हातातली पळी काढून घेते,
पाटावर बसवते, आणि ताटात टाकते
रोटाचा एक चतकोर.

मी म्हणते, हा कुणाच्या नावाचा?
"पहिले खाय, मंग इचार."

रोटाचा कण सांडायचा नाही, हातचं पाणी ओलांडायचं नाही,
म्हणून अंगणात दर वर्षी खड्डा खणतात.
जेवून सतरांपैकी नऊ जण
त्या खड्ड्याशी हात धुतात.
दहावी मी.
काकू वरून पाणी ओतत राहते, तांब्या रिकामा होईपर्यंत.